घरी काडतुसं भरायला पहिला प्रोग्रेसिव्ह प्रेस कोणता घ्यावा?

पेठेतला_टेक्सन

नमस्कार मंडळी,

मी ऑस्टिनजवळ राहतो. तीन वर्षांपासून यूएसपीएसए या अमेरिकेतल्या नेमबाजी संघटनेच्या स्थानिक पिस्तूल मॅच खेळतोय. महिन्याला दोन मॅच, आठवड्याला एक सराव, म्हणजे ९ एमएमची हजारभर काडतुसं महिन्याला उडतात. सहा महिन्यांपूर्वी ओळखीच्या एकाकडून जुना सिंगल स्टेज प्रेस घेतला आणि गॅरेजमध्ये स्वतः काडतुसं भरायला सुरुवात केली. काम मनापासून आवडलं. माझ्या पिस्तुलाला मानवणारं, झटका कमी देणारं आणि तरीही मॅचच्या १२५ पॉवर फॅक्टरच्या (ग्रेनमधलं गोळीचं वजन गुणिले फूट प्रतिसेकंद वेग, भागिले हजार) वर राहणारं काडतूस मी स्वतः जमवलं, याचं समाधान वेगळंच आहे.

अडचण वेळेची आहे. सिंगल स्टेजवर एका वेळी एकच काम होतं. प्रत्येक पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) चार-पाच वेळा हातातून जाते: जुना प्रायमर (पावडर पेटवणारी तळाची टिकली) काढून तिला मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, तोंड जरा उमलवायचं, पावडर घालायची, गोळी बसवायची, शेवटी क्रिम्प करायचा (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळायचं). शंभर काडतुसांना दोन तास सहज जातात. शनिवार असा गॅरेजमध्ये संपतो आणि चार वर्षांची लेक दारात येऊन उभी राहते.

म्हणून आता प्रोग्रेसिव्ह प्रेस घ्यायचा आहे. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: यात एका गोल चकतीवर चार, पाच किंवा जास्त पुंगळ्या एकाच वेळी बसतात आणि प्रत्येकीवर वेगळं काम चालू असतं. चकती भरलेली असेल तर दांडा एकदा ओढला की एक पूर्ण काडतूस बाहेर पडतं.

सध्या डोळ्यांसमोर हे चार आहेत: डिलनचा आरएल ५५०, त्यांचाच एक्सएल ७५०, हॉर्नडीचा लॉक-एन-लोड एपी आणि लीचा सिक्स पॅक प्रो. डाय (पुंगळीवर ही कामं करणारे साचे) वगैरे धरून बाराशे डॉलरपर्यंत तयारी आहे. आत्ता फक्त ९ एमएम, पुढे कदाचित २२३ हे रायफलचं काडतूस.

एक विनंती. आपल्याकडे बुलेटलाही गोळी म्हणतात आणि अख्ख्या काडतुसालाही. या धाग्यात गोळी म्हणजे फक्त पुढचा भाग धरू, नाहीतर गोंधळ होईल.

तळघर

मिशांना पांढरं लागेपर्यंत हेच केलंय, त्यामुळे सविस्तर लिहितो. ओहायोत माझ्या बेसमेंटमध्ये आरएल ५५० वीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

पहिल्याच प्रेसला ताशी किती काडतुसं पडतात ते बघू नका. कंपन्या जे आकडे देतात ते सगळं सामान हाताशी भरून ठेवलेलं असतानाचे. खरा वेळ जातो प्रायमरच्या नळ्या भरण्यात. एका नळीत शंभर प्रायमर बसतात. ते ताटलीत हलवून सुलटे करायचे, नळीच्या टोकाने एकेक टिपायचे. टक, टक, टक, असं शंभर वेळा. दर शंभर काडतुसांना हा थांबा आहेच. मी न घाई करता ५५० वर तासाला साडेतीनशे-चारशे भरतो आणि मला ते पुरतं.

५५० ची खासियत अशी की त्याची चकती आपोआप फिरत नाही. उजव्या हाताने पुंगळी ठेवायची, दांडा ओढायचा, वर आणून पुढे ढकलला की प्रायमर बसतो, मग डाव्या हाताने चकती एक घर पुढे सरकवायची आणि गोळी ठेवायची. हे कटकटीचं वाटतं, पण नवशिक्यासाठी मला हाच गुण वाटतो. काही अडलं तर मशीन तुमच्या पुढे धावत नाही. एखादी पुंगळी संशयास्पद वाटली तर तिथली पितळी पिन उचलायची, पुंगळी बाजूला काढायची, बघायची. बाकीच्या तीन जागच्या जागी राहतात. तुम्ही सिंगल स्टेजवरून येताय, तुमचं डोकं अजून एका कामाचा विचार करतं. इथे चार कामं एकदम बघायची आहेत. ती सवय हळूहळू लागू द्या.

दुसरं म्हणजे कॅलिबर (काडतुसाचं माप) बदलणं. टूलहेडमध्ये (प्रेसच्या वरच्या, सुट्या होणाऱ्या भागात) डाय आणि पावडर मेझर (मोजून पावडर सोडणारा भाग) बसवून ठेवले की अख्खा टूलहेड काढून दुसरा सरकवायचा. चकती आणि पिना बदलायच्या. २२३ लाही ९ एमएमसारखाच छोट्या मापाचा प्रायमर लागतो, म्हणून प्रायमरची यंत्रणा बदलण्याची भानगड तुम्हाला नाही. ४५ एसीपी हे पिस्तुलाचं जाड काडतूस केलंत तर मात्र मोठा प्रायमर येतो (आणि बाजारात छोट्या प्रायमरच्या ४५ च्या पुंगळ्याही मिसळलेल्या असतात, त्या निवडून वेगळ्या कराव्या लागतात).

निवडुंग

तळघरनाना, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण इथे मी उलट बाजू मांडणार. मी ॲरिझोनात, फीनिक्सजवळ. बारा वर्षं मॅच खेळतेय, महिन्याला दोन हजारांच्या आसपास भरते.

हाताने फिरवायच्या चकतीचा धोका सरळ आहे. लक्ष विचलित झालं आणि चकती फिरवायची राहिली, तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पावडर पडते. किंवा फिरवली होती की नाही या संभ्रमात दोनदा फिरवली, तर पावडरविना पुंगळी पुढे जाते. दोन्ही वाईट. दुप्पट पावडरने पिस्तूल फुटू शकतं. पावडर नसेल तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी पिस्तुलाच्या नळीत अर्ध्यात अडकते, आणि पुढचं काडतूस त्यावर झाडलं तर नळी फुगते किंवा फाटते.

हे मी वाचून सांगत नाहीये. दुसऱ्या वर्षी एका मॅचमध्ये माझ्या हातात झालं. धाड असा आवाज यायला हवा होता, तिथे फुस्स झालं. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) अर्धवट मागे आली. मॅचच्या तंद्रीत माझा हात आपोआप स्लाइड ओढायला गेला होता. मागे उभ्या रेंज ऑफिसरने ओरडून थांबवलं नसतं तर पुढचं काडतूस चढवून मी ट्रिगर दाबला असता. पिस्तूल रिकामं करून नळी बाहेर काढली, उजेडाकडे धरली, तर आरपार दिसेना. पितळी सळईने गोळी ठोकून बाहेर काढली. घरी आल्यावर त्या बॅचची सहाशे काडतुसं एकेक करून फोडली. त्यात पावडर नसलेली आणखी दोन निघाली.

तेव्हा माझ्याकडे हाताने फिरवायचा प्रेस होता. चूक माझीच, मशीनचा दोष नाही: फोन वाजला, बोलले आणि परत येऊन दांडा ओढला. पण त्यानंतर मी ठरवलं की चकती आपोआप फिरणारी हवी आणि पावडर तपासणारं एक स्टेशन (चकतीवरची एका कामाची जागा) मध्ये हवंच हवं.

इथे स्टेशनांची संख्या कामाला येते. ५५० ला चार स्टेशनं आहेत: माप आणि प्रायमर, पावडर, गोळी, क्रिम्प. तपासणीला जागा उरत नाही. ७५० ला पाच आहेत. दुसऱ्यावर पावडर पडते आणि तिसऱ्यावर पावडर चेक बसवता येतो. त्याची दांडी पुंगळीत उतरते, पावडरची पातळी फार वर किंवा फार खाली असेल तर बझर वाजतो. आरसीबीएस कंपनीचा लॉक-आउट डाय अशा वेळी प्रेसच अडवून धरतो, तो हॉर्नडीच्या पाच स्टेशनांतही बसतो. लक्षात ठेवा, ही यंत्रणा दुप्पट पावडर आणि शून्य पावडर पकडते. बारीक फरक पकडणं तिचं काम नाही, त्यासाठी तराजूच लागतो.

तळघर

ताई, तो प्रसंग लिहिलात ते फार बरं केलंत. तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि एक भर घालतो. आपोआप फिरणाऱ्या प्रेसवरही दुप्पट पावडर पडू शकते. दांडा मध्येच अडला, तुम्ही अर्ध्यातून वर नेलात आणि परत खाली ओढलात, तर चकती फिरलेली नसते पण मेझर पुन्हा पावडर सोडू शकतो. म्हणून कोणताही प्रेस असो, दांड्याची एक फेरी बिघडली की पावडरच्या स्टेशनवरची पुंगळी उचलायची, ओतून रिकामी करायची, मगच पुढे जायचं. यात अपवाद करू नका.

आणि ५५० वाल्यांसाठी: गोळी ठेवण्याआधी पुंगळीत डोकावून बघायचं. प्रेसच्या चौकटीवर आत वळवलेली छोटी एलईडी पट्टी लावा. पावडर नजरेला दिसलीच पाहिजे. मी पावडरही तशीच निवडतो, जी जागा जास्त व्यापते. दुप्पट पडली तर पुंगळीच्या तोंडातून बाहेर सांडेल अशी. ३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी लांब असते, तिच्यात झटपट जळणारी, कमी जागा घेणारी पावडर दुप्पट पडली तरी आत गडप होते आणि वरून पटकन कळत नाही. ९ एमएममध्ये जागा कमी म्हणून तिथे ही युक्ती चांगली चालते.

कोल्हापुरी_नेम

तळघरकाका, निवडुंगताई, वाचताना अंगावर काटा आला. मी कोल्हापुरात ५० मीटर रायफल खेळतो. आमच्याकडे परदेशी काडतुसं महाग पडतात आणि मिळेपर्यंत जीव टांगणीला. आम्हाला असं घरी भरता येईल का?

झेड_अक्ष

नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत.

एक तांत्रिक. तुम्ही वापरता ते २२ एलआर. ते रिमफायर आहे. त्यात वेगळा प्रायमर नसतो, पेटणारं द्रव्य पुंगळीच्या तळाच्या कडेत आत भरलेलं असतं. फायरिंग पिन ती कड चेपते. चेपलेल्या कडेत पुन्हा द्रव्य भरणं घरगुती साधनांनी व्यवहार्य नाही. स्वप्नील कुसाळेंनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं, राही सरनोबतनी २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतलं, दोघांच्याही स्पर्धा २२ एलआरच्याच. हा सगळा धागा सेंटरफायरबद्दल आहे, जिथे तळाच्या मध्यभागी सुटा प्रायमर असतो.

दुसरं कारण कायद्याचं. भारतात शस्त्र कायदा १९५९ खाली काडतुसं बनवायला परवाना लागतो. खेळाडूचा बंदुकीचा परवाना असला म्हणून घरी काडतुसं भरता येत नाहीत. तिकडच्या कुणीही इथलं वाचून प्रयोग करू नये, ही हात जोडून विनंती.

तुमच्या उपयोगाचं एक सांगतो. २२ मध्ये आपल्या रायफलला कोणता लॉट (कारखान्यात एकत्र बनलेली खेप) मानवतो ते तपासून त्याच लॉटची काडतुसं घेणं, हे तुमच्यासाठी आमच्या सगळ्या खटाटोपाच्या बरोबरीचं आहे.

कोल्हापुरी_नेम

समजलं दादा. लॉटची तपासणी आमचे सर पण सांगतात. धागा वाचत राहतो.

झेड_अक्ष

आता मूळ प्रश्नाकडे. मी विस्कॉन्सिनात मशीन शॉपमध्ये काम करतो, म्हणून लोखंडाच्या बाजूने बघतो.

आधी बेंच. प्रोग्रेसिव्ह प्रेसला रोज शेकडो वेळा खाली-वर असा झटका बसतो. बेंच हलत असेल तर प्रायमर बसवतानाचा हाताला होणारा स्पर्श कळत नाही आणि पुंगळीतली पावडर सांडते. भिंतीतल्या स्टडला (आतल्या उभ्या खांबाला) बेंच पक्का करा, वर दोन थर प्लायवूड, प्रेसखाली स्टीलची पट्टी. मग प्रेस उंचीला असा बसवा की उभं राहून किंवा उंच स्टुलावर बसून पावडरच्या पुंगळीत सरळ खाली नजर जाईल. लोक हजार डॉलरचा प्रेस घेतात आणि तो वीतभर चुकीच्या उंचीवर ठोकतात.

चकती फिरण्याबद्दल. ७५० ची चकती दांड्याच्या एका टप्प्यात पूर्ण घर पुढे जाते आणि खट्‌कन थांबते. ९ एमएमची पुंगळी आखूड, पावडर वरपर्यंत आलेली असेल तर त्या झटक्यात दाणे उडतात. दांडा संथ आणि एकसारखा चालवणं हा पहिला उपाय. चकतीच्या बोल्टखाली बेअरिंग घालणं आणि खालची स्प्रिंग हलकी करणं हे दुसरे, पुष्कळ लोक करतात. हॉर्नडीने हे वेगळ्या पद्धतीने सोडवलंय: दांडा खाली जाताना चकती अर्धं घर फिरते, वर येताना उरलेलं अर्धं. त्यामुळे हालचाल मऊ आहे. पुंगळ्या चकतीत धरायला तिथे गोल स्प्रिंग असते आणि डाय पटकन काढण्या-घालण्याचे बुशिंग (डाय धरणाऱ्या कड्या) आहेत. दोन-तीन कॅलिबर आलटूनपालटून करणाऱ्याला ते आवडतात.

ली स्वस्तात जास्त स्टेशनं देते. सिक्स पॅक प्रोला सहा आहेत, म्हणजे पावडर चेक बसवून गोळी आणि क्रिम्प वेगळे ठेवता येतात, वर एक जागा उरते. ज्याला यंत्राशी खेळायला आवडतं, जो एखादा भाग घासला तर स्वतः बसून जुळवून घेईल, त्याने जरूर घ्यावा. डिलनची आयुष्यभराची वॉरंटी प्रसिद्ध आहे आणि ५५०, ७५० दोन्हींना ती आहे. जुना घेतलात तरी भाग मिळतात, म्हणूनच वापरलेल्या प्रेसची किंमतही फारशी उतरत नाही.

एक मधला मार्ग कुणी सांगितला नाही म्हणून सांगतो. टरेट प्रेस. लीचा क्लासिक टरेट घ्या: त्यात पुंगळी एकाच जागी राहते आणि वरचं डायचं डोकं फिरतं. चार वेळा दांडा ओढला की एक काडतूस. तासाला दीडशे-दोनशे होतात. एका वेळी एकच पुंगळी नजरेसमोर. महिन्याला चार-पाचशे भरणाऱ्याला तो पुरतो. हजारवाल्याला मात्र वर्षभरात पुन्हा हीच चर्चा करावी लागेल.

आणि २२३ चा विचार करताना एक लक्षात घ्या. पिस्तुलाच्या पुंगळीला कार्बाइड (फार कठीण धातूचा) डाय असला की तेल लावायला लागत नाही. रायफलच्या मानेदार पुंगळीला लागतं. आधी तेल लावून मापात आणायची, मग लांबी मोजून वाढलेली कापायची, तेल पुसून काढायचं आणि त्यानंतर भरायला घ्यायची. लष्करी पुंगळी असेल तर प्रायमरच्या खाचेभोवतीचा क्रिम्पही आधी काढायचा. म्हणजे प्रेसवर दोन फेऱ्या आल्याच. २२३ ला प्रोग्रेसिव्हने वेळ वाचतो, पण ९ एमएमइतका नाही.

नवखा_२०

मध्येच विचारतोय, क्षमस्व. मी एच-१बी वर आहे, डॅलसमध्ये. मित्राबरोबर रेंजवर जातो. मलाही हे शिकायचं आहे. मी प्रेस घेऊ शकतो का?

निवडुंग

प्रेस हे नुसतं लोखंड आहे, पण त्यातून जे बाहेर पडतं ते काडतूस आहे, आणि प्रश्न तिथे आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला मनाई आहे. एच-१बी त्यातच येतो. त्याला अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. ग्रीन कार्ड असेल तर ही मनाई लागू होत नाही.

माझा आग्रह असा की इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. तुमच्या सगळ्या कागदांचं भवितव्य पणाला लागतं. लायसन्सची मुदत संपली आणि घरात काडतुसं राहिली, एवढ्यानेही गुन्हा होऊ शकतो. राज्यांचे नियम आणखी वेगळे.

आणि सगळ्यांसाठीच: स्वतःपुरती काडतुसं भरायला संघीय लायसन्स लागत नाही, पण विकायची म्हणून भरायला लागलात की ०६ प्रकारचं लायसन्स हवं. मैत्रीखातरही मी माझी काडतुसं कुणाला देत नाही. माझ्या हातची चूक दुसऱ्याच्या हातात फुटायला नको.

नवखा_२०

ताई, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. वकिलांना विचारतो. मनापासून आभार.

पेठेतला_टेक्सन

किती लिहिलंत सगळ्यांनी! दोनदा वाचून काढलं.

हिशोब मांडतो, चुकत असेल तर सांगा. इथे ९ एमएमची पन्नासची पेटी मला साधारण साडेतेरा डॉलरला पडते, म्हणजे काडतुसाला २७ सेंट. भरायला प्रायमर साडेसात, रंगीत लेप दिलेली शिशाची गोळी साडेनऊ, पावडर अडीच, एकूण साडेएकोणीस. पुंगळी रेंजवरून वेचलेली, फुकट. साडेसात सेंट वाचले. हजाराला ७५ डॉलर. बाराशे डॉलर भरून यायला सोळा महिने. म्हणजे केवळ पैशासाठी ९ एमएम भरण्यात फार अर्थ नाही, माझ्या वेळेचं मोल तर यात धरलेलंच नाही. मी भरतो ते मला हवं तसं काडतूस मिळतं म्हणून, आणि २०२० सारखी टंचाई पुन्हा आली तर सराव थांबू नये म्हणून. त्या वेळी दुकानांच्या फळ्या महिनोन्‌महिने रिकाम्या पाहिल्यात.

दुसरा प्रश्न घरातला. बायकोने विचारलं, इतकी पावडर आणि प्रायमर घरात, लेक घरात, हे कसं? तिचा प्रश्न रास्त आहे. तुम्ही कसं ठेवता?

तळघर

वहिनींचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, नीट उत्तर देतो.

एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेचं ४९५ नावाचं मानक आहे, पुष्कळ ठिकाणचे अग्निसुरक्षा नियम त्यावर बेतलेले आहेत. घरात धूरविरहित पावडर २० पौंडांपर्यंत मूळ डब्यात ठेवता येते. २० च्या वर ५० पर्यंत असेल तर किमान एक इंच जाड फळ्यांच्या लाकडी पेटीत. प्रायमर घरात दहा हजारांपर्यंत. तुमच्या गावाचा नियम याहून कडक असू शकतो, तो बघा. पेटी लाकडीच का? कारण ही पावडर उघड्यावर भराभर जळते, पण बंदिस्त पोलादात दाब साठतो आणि स्फोट होतो. म्हणून पावडर कधीही बंदुकीच्या तिजोरीत ठेवू नका. माझ्याकडे कुलपाची लाकडी पेटी आहे, वॉटर हीटरपासून लांब. प्रायमर दुसऱ्या कपाटात, त्यांच्या मूळ खोक्यांत. बाटलीत सुटे ओतून ठेवलेले प्रायमर ही फार धोक्याची गोष्ट आहे. एक पेटला की सगळे पेटतात.

टेक्सासचं गॅरेज उन्हाळ्यात भट्टी होतं. प्रेस तिथे राहू द्या, पावडर आणि प्रायमर घरात थंड, कोरड्या जागी, कुलपात.

काम करताना बेंचवर एका वेळी पावडरचा एकच डबा. दोन उघडे असले की शेवटी चुकीच्या डब्यात ओतलं जातं. संध्याकाळी मेझर रिकामा करून पावडर तिच्याच डब्यात परत. मेझरवर पावडरच्या नावाची चिठ्ठी.

आणि शिसं. प्रायमरच्या राखेत शिसं असतं, पुंगळ्या कोरड्या घुसळल्या की धूळ उडते. मी आता पाण्यात स्टीलच्या बारीक काड्या घालून घुसळतो, धूळ होत नाही. बेंचवर खाणं-पिणं नाही. काम झालं की हात, तोंड, मनगटं साबणाने धुवायची आणि त्याच कपड्यांवर मुलीला उचलून घ्यायचं नाही. चार वर्षांच्या मुलांना शिशाचा त्रास मोठ्यांपेक्षा फार लवकर होतो. बेंचपाशी चष्मा कायम. प्रायमर अडला तर जोर लावायचा नाही, थांबायचं. प्रायमरच्या नळीभोवती पोलादी कवच दिलेलं असतं ते काही उगाच नाही.

पेठेतला_टेक्सन

धागा वर काढतोय, सव्वा महिना झाला.

निवड कशी झाली ते सांगतो. आमच्या क्लबातल्या एकाकडे ५५० आहे, दुसऱ्याकडे ७५०. दोघांनीही आपापल्या गॅरेजमध्ये बोलावलं. प्रायमर नाही, पावडर नाही, नुसत्या पुंगळ्या आणि गोळ्या घेऊन प्रत्येकावर तासभर दांडा ओढला. ५५० वर हात छान बसला, नाना म्हणतात ती शांतता खरंच जाणवली. मग मुद्दाम लेकीला सोबत नेलं होतं, ती मध्येच काहीतरी विचारायला आली. मी उत्तर दिलं, वळलो, आणि दांडा ओढला. चकती फिरवली होती का? मला सांगता येईना. यजमान हसले नाहीत, फक्त पुंगळीकडे बोट दाखवलं. नव्हती फिरवली.

एक्सएल ७५० घेतला, पावडर चेकसकट. विजेवर पुंगळ्या भरणारा फीडर आत्ता घेतला नाही, पुंगळ्यांची नळी हाताने भरतो. झेड_अक्षदादांनी सांगितल्याप्रमाणे बेंच भिंतीला जखडला आणि प्रेस चार इंच उंच उचलला. आता उभं राहिलं की पावडर सरळ दिसते. बझर असला तरी डोकावून बघतोच.

पहिली पन्नास काडतुसं चकतीवर एका वेळी एकच पुंगळी ठेवून भरली. प्रत्येक पुंगळीतली पावडर तोलली. पावडरचं माप दोन मॅन्युअलांत ताडून, खालच्या मापापासून सुरुवात. नंतर चकती पूर्ण भरून शंभर, दर दहावी तोलून. दोन प्रायमर उलटे बसले होते, ते ताटलीत सुलटे करताना माझ्याकडूनच राहिले. एकदा मुद्दाम पावडरविना पुंगळी पुढे जाऊ दिली, बझर वाजला. बायको दारात उभी होती, तिने विचारलं हा आवाज कसला. सांगितलं, दाखवलं. तिने आत जाऊन पेटीचं कुलूप ओढून बघितलं आणि किल्ली स्वतःच्या साखळीला लावली. आता पावडर हवी असली की तिच्याकडे मागायची.

रविवारी क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) दहा झाडली. १२४ ग्रेनची गोळी, सरासरी १०५५ फूट प्रतिसेकंद, म्हणजे पॉवर फॅक्टर १३०.८. तासाला अडीचशेच्या आसपास पडतायत. शनिवारी दुपारी एकला सुरू केलं की पाचच्या आत हात धुऊन लेकीबरोबर बागेत.

एक प्रश्न राहिला. प्रायमरच्या नळ्या किती घ्याव्यात? दोन आहेत, दर शंभराला थांबावं लागतंय.

तळघर

तुमच्या घरात ७५० च योग्य होता. मी माझं मत तुमच्यापुरतं मागे घेतो. लेकीला आशीर्वाद.

निवडुंग

आठ घ्या. आदल्या रात्री भरून बंद कपाटात उभ्या ठेवायच्या नाहीत, भरायला बसण्याआधी भरायच्या, आणि उरल्या तर प्रायमर परत खोक्यात. उलटे प्रायमर ताटलीतच दिसतात: चकचकीत बाजू आणि आतली ऐरण दिसणारी बाजू. माझी ताटली दिव्याखाली पांढऱ्या कागदावर असते, नळी टिपायला घेण्याआधी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवते. आणि त्या दोन उलट्या काडतुसांतले प्रायमर डिकॅपिंग (प्रायमर काढायच्या) डायने ठोकून काढायला जाऊ नका. गोळी हातोडीच्या पुलरने काढा, पावडर ओता, आणि ती पुंगळी प्रायमरसकट तेलात बुडवून टाकून द्या. पुंगळी फुकटची आहे, बोटं नाहीत.